गोधडीची चौथी बाजू

गोधडीचें पोट भरणें सोपें असतें. तिचा कांठ पुरा करणें हेंच अवघड. पोटांत काय घालावें याविषयीं कोणी कोणास विचारीत नाहीं. फाटकें धोतर, विटलेलें लुगडें, कोपराशीं झिजलेला सदरा, सारें तेथें खपतें. वरचें पान चांगलें असलें म्हणजे आंतल्या चिंध्यांची जात कोणी पुसत नाहीं. कांठाचें तसें नाहीं. तो चारही बाजूंनीं दिसतो, हाताला लागतो, आणि सर्वांत आधीं झिजतो. म्हणून जुन्या बायका कांठासाठीं एखादें कापड वर्षानुवर्षें ट्रंकेंत राखून ठेवीत असत. तीन बाजू एका कापडाच्या व चौथी भलत्याच कापडाची अशी गोधडी त्यांना पंगतींत एका पानावर मीठ वाढावयाचें राहून जावें तशी वाटे.

आमच्या घरीं गेल्या वर्षीं अशीच एक गोधडी तीन बाजूंवर येऊन अडली, आणि चौथ्या बाजूस लागणाऱ्या तीन हात कापडासाठीं आम्हांस जी पायपीट करावी लागली तिची हकीगत येथें सांगण्याचें योजिलें आहे. शाळेच्या वार्षिकांत गोधडीचें काय काम, असें एखादा विद्यार्थी विचारील. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, या गोधडीच्या मधल्या थरांत आपल्याच शाळेची एक खाकी चड्डी व एक पांढरा सदरा आहे. तेव्हां तिला या पानांवर येण्याचा थोडाबहुत हक्क पोंचतो.

ही गोधडी आमच्या आजीची. आमचें गांव पाथर्डी तालुक्यांत. तो मुलूख पर्जन्यछायेंतला. जमीन हलकी, विहिरी खोल आणि बेभरंवशाच्या. दसरा-दिवाळी झाली कीं तिकडील पुष्कळ कुटुंबें ऊसतोडीसाठीं घर सोडतात, तीं उन्हाळ्याच्या तोंडीं परततात. आजीनेंही आपल्या उमेदीच्या काळीं असे कित्येक हंगाम काढले. बैलगाडींत कोयते, भांडीं, पीठ, पोरें आणि त्या सर्वांवर गोधड्या, असा तो संसार निघे. कारखान्याच्या आसपास पाचटाच्या खोपींत पौषाची थंडी काढावयाची असल्यामुळें गोधडी हा तिला शोभेचा पदार्थ कधींच वाटला नाहीं. शहरांतील प्रदर्शनांतून हल्लीं गोधड्या भिंतीवर टांगलेल्या दिसतात. अशी एक टांगलेली गोधडी पाहून आजी एवढेंच म्हणाली होती, "हिला खाली घ्या की, कुणीतरी गारठलं आसंल."

आमच्या धाकट्या बहिणीनें परिचारिकेचें शिक्षण घेण्यासाठीं परगांवीं वसतिगृहांत राहावयास जावयाचें असें ठरलें, त्याच संध्याकाळीं आजीनें ट्रंक उघडली. वास्तविक तिनें त्या वेळीं सुई हातीं धरूं नये असें सर्वांचें मत होतें. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता आणि डॉक्टरांनीं शस्त्रक्रियेची तारीखही दिली होती. परंतु आजीचा हट्ट असा कीं गोधडी आधीं, डोळा मागून. "डोळा उघडला तर बरंच हाय. न्हाई उघडला तर हातातलं काम अर्धं ऱ्हाईल." या बोलण्यावर घरांत कोणास उत्तर सुचलें नाहीं. सुईंत दोरा आम्ही ओवून देत असूं. टांका मात्र तिचाच.

तिची रीत अशी. सारवलेल्या ओट्यावर प्रथम खालचें लुगडें अंथरावयाचें व त्याचीं चारी टोंकें पाट्यानें, वरवंट्यानें, हातास लागेल त्या जड वस्तूनें दाबून ठेवावयाचीं. त्यावर जुन्या कापडांचे थर देत तळहातानें एकेक सुरकुती कडेकडे काढीत जावयाचें. मग वरचें पान, मग लांब लांब कच्चे टांके, आणि नंतर खरा धावदोरा. तो कडेपासून आरंभ करून एकांत एक चौकोन काढीत मध्याकडे येतो. या थरांत आजोबांचीं दोन धोतरें गेलीं, आईच्या तीन सुती साड्या गेल्या, बहिणीचे परकर गेले. टेरिकॉटचा तुकडा मात्र तिनें एकही घेतला नाहीं; तो घसरतो, टांका धरीत नाहीं, असें तिचें म्हणणें. शाळेच्या चड्डीच्या खिशाला शाईचा मोठा डाग होता, तो खालच्या अंगास जाईल अशा बेतानें तिनें ती उलटी अंथरली. आमच्या परीक्षांचा निकाल तिनें असा झांकला म्हणावयाचें!

कांठाचा आग्रह हा आमच्याच आजीचा छंद आहे असें कोणी समजूं नये. कर्नाटकांत उत्तर कन्नड जिल्ह्यांत हल्याळ, येल्लापूर या भागांत सिद्दी लोकांच्या बायका अशाच जुन्या कापडांच्या कवदी शिवतात. त्याही कडेपासून मध्याकडे येतात, आणि शेवटीं चारी कोपऱ्यांवर तिकोनी घड्यांचीं लहान फुलें लावतात. फुलें नसलेली कवदी त्यांच्या मतें उघडी, म्हणजे नेसूं नसलेली होय. बंगाली कांथांत तर पूर्वीं नक्षीचा रंगीत दोराच मुळीं जुन्या साड्यांच्या कांठांतून उसवून काढीत. तात्पर्य, अंग जाईल पण कांठ जपावा, ही बुद्धि या देशांतील सुईला पुष्कळ ठिकाणीं सुचलेली आहे.

आजीनें कांठासाठीं जें कापड काढलें तें तिचें स्वतःचें लुगडें होतें. लुगडें कसलें, लुगड्याचे अवशेष! अंग केव्हांच फाटून पोतेऱ्यास गेलें होतें. राहिला होता तो कांठ. चार बोटें रुंद, तांबडा, मधून दोन बारीक पिवळ्या रेघा. तांबडा हें आपलें म्हणावयाचें; खरा रंग जुन्या कौलाचा. हें लुगडें तिनें १९७३ सालीं घेतलें. त्याच्या आदल्या वर्षींचा, १९७२ चा दुष्काळ आमच्या जिल्ह्यांतील घराघरांत अजून बोलण्यांत येतो. पाऊस गेला, विहिरी आटल्या, जनावरें कवडीमोलानें गेलीं. सरकारनें रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती व खडी फोडणें अशीं कामें काढलीं आणि राज्यभर लक्षावधि माणसें त्यांवर राबलीं. महाराष्ट्राचा रोजगार हमीचा १९७७ चा कायदा पुढें याच अनुभवांतून आला. आजी खडी फोडण्याच्या कामावर होती. कामावर मिळणारी सुकडी मुलांना आणि मजुरी धान्याला, असा हिशेब. त्यांतूनही जे चार पैसे उरले त्यांचें तिनें फाल्गुनांत, मढीस कानिफनाथांच्या यात्रेला गेली असतां, हें लुगडें घेतलें. मढीची यात्रा गाढवांच्या बाजारासाठीं प्रसिद्ध आहे. "लोकांनी गाढवं घेतली, म्या लुगडं घेतलं," असें ती अजून हंसून सांगते. दुष्काळाच्या दिवसांत लुगडें घेतलें म्हणून तिच्या सासूबाईंनीं आठ दिवस अबोला धरला होता. तो भागही ती सांगते, पण हंसून नव्हे.

आतां वरच्या वर्गांतील एखादा हुशार विद्यार्थी म्हणेल, नऊ वारांच्या लुगड्यास दोन कांठ, म्हणजे अठरा वार कांठ झाला. गोधडीच्या चारी बाजू मिळून सात वार पुरे. मग कमी कां पडावें? गणित बरोबर आहे, परंतु तें लुगडें नेसून खडी फोडणाऱ्या बाईचें नव्हे. खालचा कांठ टांचेखालीं व दगडांवर घासून तीन वर्षांत गेला. वरच्यापैकीं कांहीं आमच्या वडिलांच्या दुपट्याला लागला, कांहींची पाळण्याची दोरी झाली, आणि हातभर तुकड्यानें एकदां बैलाचें मोडलेलें शिंग बांधलें. उरला तो गोधडीच्या दोन लांब बाजू व एक आंखूड बाजू एवढ्यापुरता. चौथ्या बाजूस तीन हात हवा होता.

बहिणीनें सुचविलें कीं चौथ्या बाजूस दुसरें कांहींतरी लावूं. आजीनें सुई खालीं ठेवली. "परक्या गावाला जाणार तू. तिथल्या पोरी म्हणतील, हिच्या घरी तीन हात कापड न्हवतं." झालें! बहिणीच्या जाण्यास तीन आठवडे उरले होते. कांठाचा एक वीतभर नमुना कागदांत गुंडाळून आम्ही दुसऱ्या दिवशीं नगरास आलों. (आमच्या जिल्ह्याचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर झालें, परंतु आजीनें आम्हांस नगरासच धाडलें, म्हणून येथें तोच शब्द राहूं देतों.)

नगरचा कापड बाजार म्हणजे जिल्ह्यांतील लग्नघरांची पंढरी. पहिल्या दुकानांत विक्रेत्यानें मोठ्या उत्साहानें तांबड्या कांठाच्या दहा-बारा साड्या गादीवर उलगडल्या. दुरून त्यांतील दोन-तीन साड्यांचा कांठ आमच्या नमुन्यासारखा भासला. जवळ घेतां कांठाच्या तांबड्यांत अंगाचा हिरवा मिसळलेला. याचें कारण समजून घेण्यासारखें आहे. कापडांत उभें सूत तो ताणा व आडवें सूत तो बाणा. यंत्रमागावर बहुधा एकच बाणा या कडेपासून त्या कडेपर्यंत धांवतो. त्यामुळें कांठाचा ताणा तांबडा असला तरी त्यांतून अंगाचा रंग डोकावतो. हातमागावर करवतकाठी कापड विणणारे विणकर कांठासाठीं वेगळे धोटे चालवितात, तेव्हां कांठ निव्वळ आपल्याच रंगाचा राहतो. साध्या लुगड्यांत इतका खटाटोप परवडत नसे. तेथें कांठाचा ताणाच इतका दाट भरीत कीं बाणा झांकून जाई. आमच्या नमुन्यांत सूत असें खचून भरलेलें होतें. विक्रेत्यानें तें नखानें उकलून पाहिलें आणि साड्यांच्या घड्या घालावयास आरंभ केला.

तेथून आम्ही ज्या दुकानांवर 'मॅचिंग सेंटर' अशी पाटी असते त्यांकडे वळलों. तेथें रुबिया, टू बाय टू, पॉपलीन, केंब्रिक यांचे तागे रंगांच्या उतरंडीनें लावलेले असतात. नुसत्या तांबड्याच्याच तीस-चाळीस छटा. दुकानदार जाणता होता. त्यानें तीन तागे काढले, नमुना त्यांवर ठेवला आणि आम्ही आनंदून "हाच, हाच" म्हणत असतां तो म्हणाला, "थांबा, उजेडात बघा." दुकानाबाहेर उन्हांत येतांच एक तागा गुलाबी झाला, दुसरा जांभळट, तिसरा विटेसारखा. ट्यूबच्या उजेडांत जुळणारे दोन रंग उन्हांत फांकतात. कापडाचा रंग ही एकट्या कापडाची मालमत्ता नसून त्याजवर पडणाऱ्या उजेडाशीं त्याची भागीदारी असते, हें पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांत आम्हीं शाळेंत असतांना वाचलें होतें. कळलें तें कापड बाजाराच्या फुटपाथवर.

मग कोणीं सांगितल्यावरून एका रंगाऱ्याकडे गेलों. पांढरें सुती कापड विकत घ्यावें व हवा तसा रंगवून घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटला, असा आमचा बेत. रंगाऱ्यानें नमुना पाण्यांत बुडविला, पिळला, दोन बोटांत चोळला. म्हणाला, "रंग हुबेहूब देतो. आज देतो. पण माझा रंग आज लागेल, तुमचा पन्नास वर्षं उतरत आलाय. एका पावसाळ्यात दोघांच्या वाटा वेगळ्या होतील. पैसे कशाला घालवता?" धंद्याचा माणूस येणारें गिऱ्हाईक असें परत पाठवितो, याचें आम्हांस नवल वाटलें आणि आदरही.

त्याच्या बोलण्यानें एक गोष्ट ध्यानांत आली. तांबडा रंग पूर्वीं आल व मंजिष्ठ यांच्या मुळ्यांपासून काढीत. १८६८ सालीं ग्रेब आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनीं मंजिष्ठेंतील अलिझरीन हें द्रव्य प्रयोगशाळेंत बनविलें, आणि थोड्याच वर्षांत मंजिष्ठेची शेती बसली; त्यापुढें तांबडे रंग एकापाठोपाठ एक निघाले. यांपैकीं कोणताही रंग मिळविण्यासारखा होता. परंतु जो रंग आम्ही शोधीत होतों तो कोणीं रंगविलेलाच नव्हता. खडीची धूळ, धुण्याचा सोडा, नदीवरचा दगड, पन्नास उन्हाळ्यांचें ऊन आणि ट्रंकेंतील डांबराच्या गोळ्या यांनीं मिळून तो उतरविला होता. तो दुकानांत कोठून मिळावा? मिळाला तर दुसऱ्या कोणाच्या ट्रंकेंतच मिळेल.

कापड बाजारांतून निघतांना एका जुन्या पेढीवरील वृद्ध मुनिमांनीं नमुना चष्म्याजवळ नेला आणि म्हणाले, "हा इकडचाच माल. भिंगारला विचारा." भिंगार हें नगरचें जोडगांव, पाथर्डीच्या रस्त्यावरच तें लागतें. म्हणजे सकाळीं मोटारींतून आम्ही त्याच्या अंगावरूनच गेलों होतों.

नगर शहर मलिक अहमदानें पंधराव्या शतकाच्या अखेरीस वसविलें. त्यापुढील शतकांत साळी, कोष्टी, मोमीन आणि मागाहून तेलंगणांतून आलेले पद्मशाली असे नाना विणकर नगर व भिंगार येथें वसत गेले. १८८४ च्या जिल्हा गॅझेटियरानें येथील लुगड्यांच्या विणकामाची दखल घेतलेली आहे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अमेरिकन मराठी मिशनचे डी. सी. चर्चिल या गृहस्थांनीं, जे यंत्रविद्या शिकून आलेले होते, नगर येथें हातमागांत सुधारणा करून अधिक वेगानें चालणारा माग तयार केला. गिरणीच्या कापडापुढें विणकर टिकावा हा त्यांचा हेतु. तो हेतु फार काळ पुरला नाहीं. गिरण्यांपाठोपाठ यंत्रमाग आले. आम्ही भिंगारच्या गल्ल्यांतून हिंडलों तेव्हां मागाचा खटका आम्हांस कोठें ऐकूं आला नाहीं.

या ठिकाणीं एक विचार मनांत आल्यावांचून राहात नाहीं. ज्यांचें नांव जिल्ह्यास दिलें त्या अहिल्याबाई होळकर यांचा जन्म १७२५ सालीं याच जिल्ह्यांत जामखेड तालुक्यांतील चौंडी येथें झाला. त्यांनीं नर्मदेच्या कांठीं महेश्वरास विणकर आणून वसविले, आणि १९७० नंतर तेथील कला मंदावली असतां पुन्हां प्रयत्नपूर्वक उभी करण्यांत आली. महेश्वरी साडी आज देशोदेशीं जाते. नगरच्या लेकीनें लावलेले माग परप्रांतीं चालते राहिले, आणि तिच्या माहेरचे मात्र थांबले. नांवाबरोबर दोन-चार मागही आले असते तर बरें झालें असतें, असें आमचें मत आहे.

विचारीत विचारीत आम्ही एका वृद्ध विणकराच्या घरीं पोंचलों. आजोबांनीं नमुना हातीं घेतला तो डोळ्यांजवळ न नेतां. आंगठ्यानें पिवळ्या रेघा चांचपल्या व मधल्या तारा मोजल्या. मग सुताचा नंबर सांगितला. सुताचा नंबर म्हणजे ८४० वारांची एक लड धरून अशा जितक्या लडी एक पौंडांत बसतील तो आंकडा. नंबर जितका मोठा तितकें सूत बारीक. हें सूत त्यांच्या हिशेबानें अंगाला बारीक व कांठाला जाड होतें. "बायका कांठावरच सगळा जोर काढतात," हें त्यांचें कारण. माल भिंगारचा कीं नगरचा, त्यांच्या मागाचा कीं शेजाऱ्याच्या, हें मात्र ते सांगेनात. "हा कांठ तेव्हा सगळेच काढायचे. माझा म्हटला तर माझा," असें म्हणून त्यांनीं नमुना परत दिला. त्यांच्या घराच्या दाराची चौकट जुन्या सागवानाची होती, आणि तिला नको त्या जागीं भोंकें होतीं. तो त्यांचा माग. मोडल्यावर लांकूड वायां जाऊं नये म्हणून चौकट केली.

आंतून त्यांच्या कारभारीण आजी आल्या. त्यांनीं आमचें सर्व बोलणें ऐकलें होतें. कांहीं न बोलतां त्या परत आंत गेल्या आणि धुवट फडक्यांत बांधलेलें एक लुगडें घेऊन आल्या. मागावरून उतरलेलें शेवटचें. तें विकलें नाहीं, नेसलेंही नाहीं. कांठ तोच, त्याच दोन पिवळ्या रेघा. पण रंग! डाळिंबाचा दाणा फोडावा तसा. आमचा कौलाच्या रंगाचा नमुना त्याजवर ठेवला तेव्हां त्या दोहोंचें कांहीं नातें असेल असें परक्याला वाटलें नसतें.

हें लुगडें मागावें कसें? आम्ही उठावयास लागलों. तेव्हां आजींनीं विचारलें, "तुमच्या आजीनं कधी घेतलं म्हणालात?" आम्हीं साल सांगितलें, मढीची यात्रा सांगितली, खडीचें काम सांगितलें. आजोबा व आजी एकमेकांकडे पाहूं लागले. मग त्या म्हणाल्या, "त्या वर्षी लुगडं घेणारं कुणी नव्हतं. खेड्यांतली गिऱ्हाइकं तुटली. सूत उधारीवर, आणि विणलेला माल घरात पडून. आमच्या थोरल्याला तेव्हा तापात दूध मिळालं नाही." थोडें थांबून त्या पुन्हां म्हणाल्या, "त्या साली ज्यांनी घेतलं, त्यांच्या जिवावर आम्ही जेवलो."

दुष्काळाची आमची गोष्ट आम्हीं लहानपणापासून ऐकत आलेली. तिला मागाच्या बाजूनेंही एक घर आहे हें आम्हांस त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतें.

त्यांनीं कात्री मागविली. आजोबांनीं एकदां "सबंध वस्त्र आहे" एवढें म्हटलें. आजींनीं त्यांकडे लक्ष दिलें नाहीं. पदराची बाजू सोडून, आंतल्या टोंकापासून, आपल्या हातानें मोजून त्यांनीं तीन हात कांठ कापला. कात्री कांठाशीं थांबली तेव्हां त्यांनीं विचारलें, "तुमची आजी उंच आहे का?" आम्हीं हो म्हटलें. "मग तिचा हात मोठा असणार," असें म्हणून त्यांनीं आणखी एक वीत वाढविली. पैशाचें नांव काढतां त्या रागावल्या. गोधडी पुरी झाली कीं दाखवावयास आणा, एवढीच त्यांची अट.

कोरें सुती कापड तसेंच शिवूं नये. त्यांत खळ असते, आणि पहिल्या धुण्यांत तें आटतें. तसेंच लावलें तर कांठ आटून गोधडीच्या कडेला चुण्या पडतात. म्हणून आईनें ती पट्टी रात्रभर पाण्यांत ठेवली, चोळून धुतली, उन्हांत वाळविली, आणि असें तीन दिवस केलें. रंग थोडा मऊ झाला, फारसा उतरला नाहीं. लांबींत ती चार बोटें आटली. भिंगारच्या आजींची ती वाढीव वीत अशी उपयोगीं पडली.

आजीच्या हातीं पट्टी देतांना आमच्या छातींत धडधडत होतें, कारण गोधडीच्या तीन बाजू कौलासारख्या आणि ही डाळिंबासारखी, हा फरक लपण्यासारखा नव्हता. आजीनें ती उजेडाकडे धरली, जुन्या कांठाशेजारीं ठेवली, आणि म्हणाली, "जुळला की गं!" आम्ही व बहीण एकमेकांकडे पाहातच राहिलों. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग पिवळट, तपकिरी होत जातें, व त्यांतून जग चहाच्या पाण्यांतून पाहावें तसें दिसतें. रंगांचा तजेला जातो. आजीला त्या पट्ट्या खरोखरच एका रंगाच्या दिसत होत्या. पण बोटांना मोतीबिंदू होत नाहीं. तिनें पट्टीवरून आंगठा फिरविला. "हा कांठ राठ हाय. कोरा दिसतो. मग असं करू, ही डोक्याकडची बाजू धरू. अंधारात हाताला कळंल, पोरीच्या तोंडावर पायाची बाजू यायची न्हाई." पायाकडची बाजू तोंडावर घेऊं नये याबद्दल ती लहानपणीं आम्हां सर्वांना दटावीत असे. चौथी बाजू आंखूड होती, ती डोक्याकडे येणार होती, आणि आतां ती ओळखूंही येणार होती.

शेवटचा टांका तिनें मंगळवारीं दुपारीं घातला. गांठ मारून दोरा दांतांनीं तोडला. शुक्रवारीं बहीण निघाली. भिंगारला आम्ही मुद्दाम उतरलों. विणकर आजींनीं गोधडी अंगणांत पसरून पाहिली, चारी बाजूंनीं हात फिरविला, टांके मोजावे तसे पाहिले, आणि "तुमच्या आजीचा टाका माझ्यापेक्षा बारीक आहे" एवढें बोलून बहिणीच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. आजोबांनीं गोधडीची घडी स्वतः घातली, विणकर कापडाची घालतात तशी, कांठावर कांठ ठेवून.

त्यानंतर पंधरा दिवसांनीं आजीच्या एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघाल्यावर ती घरीं आली ती भिंतीकडे, माणसांकडे, कुंडींतल्या तुळशीकडे पाहात. सर्वांचे रंग तिला नवे वाटत होते; आकाश इतकें निळें कधींपासून, असें तिनें दोनदां विचारलें. मग दोऱ्याचा डबा मागितला. त्यांत आटून-कापून उरलेला त्या नव्या कांठाचा चार बोटांचा तुकडा होता, आणि आम्हीं बाजारांत हिंडविलेला जुना नमुना. दोन्ही तिनें मांडीवर शेजारीं शेजारीं ठेवले. जुना तिनें लगेच बाजूस केला. नवा मात्र बराच वेळ धरून बसली.

"असाच व्हता," ती म्हणाली. "मढीला घेतला तवा असाच व्हता. म्या इसरले व्हते."

तुकडा पुन्हां डब्यांत गेला. मग तिनें आमच्याकडे नीट पाहिलें, आणि हा सदरा किती दिवसांत धुतला नाहीं याची चौकशी सुरू केली.